बर्फातले उन्हाळे

नरक चतुर्दशीला आमच्या आजोळी बंब पेटत नसे. पहाटे अंधारात अंगाला तेल चोळून, कंदील घेऊन सगळी वाडी नदीकाठच्या उन्हाळ्यावर जायची. उन्हाळे म्हणजे ऋतू नव्हे. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यालाही उन्हाळे म्हणतात. जांभ्या दगडाचे चौकोनी कुंड, पाण्यावर धूसर वाफ, उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास. आधी बायका-मुले, मग पुरुष. दिवाळीच्या आदल्या रविवारी घरटी एक माणूस येऊन कुंडातला गाळ काढी. कुणी सांगावे लागत नसे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या वाडीत मी शेवटची आंघोळ केली ती १९८४ साली. पुढे कुंडाचे सुशोभीकरण झाले. तळाला काँक्रीट ओतले, भिंतीला फरश्या लावल्या आणि झऱ्याने आपली वाट बदलली. आज तिथे कमान आहे, माहितीची पाटी आहे, आणि घोटाभर कोमट पाणी आहे.

मी भूगर्भशास्त्राची पदवीधर नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून सत्तावीस वर्षे नकाशे काढले. पाण्याबद्दल जे काही कळते ते त्या नकाशांमुळे आणि नंतरच्या वाचनामुळे. गेली पंधरा वर्षे मी कोकणातल्या उन्हाळ्यांची एक वही ठेवली आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ, राजवाडी अशी ही रांग सह्याद्रीच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण जाते. प्रत्येक ठिकाणी मी तापमान मोजते, आणि एक प्रश्न विचारते : हे कुंड साफ कोण करते? पहिल्या प्रश्नाला थर्मामीटर उत्तर देतो. दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

माझी भाची योकोहामाला नोकरी करते. २०१९च्या फेब्रुवारीत तिने मला बोलावले. "मावशी, तुला गरम पाणीच बघायचंय ना? मग बर्फात चल. मी स्की करीन, तू कुंडं मोजत बस," असे तिचे म्हणणे. मी गेले ते नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गावी. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि त्याभोवती वसलेले स्नानगाव. बर्फावरून घसरायला जगभरची माणसे या गावात येतात, आणि संध्याकाळी त्याच गावातल्या गरम पाण्यात उतरतात. स्की आणि स्नान यांची ही जोडी जपानमध्ये अनेक डोंगरांवर आहे. ती का जमली, आणि जिथे टिकली तिथे कशामुळे टिकली, हे मी पाहिले आणि वाचले त्यावरून सांगण्याचा हा प्रयत्न.

बर्फ कुठून येतो, ऊब कुठून

नोझावाच्या डोंगराचे नाव केनाशी, उंची १६५० मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे उंचीत फरक नाहीच म्हणा ना. अक्षांश पाहिला तर गाव श्रीनगरच्या थोडेच उत्तरेला. तरीही डोंगरमाथ्यावर हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ साचतो. कारण थंडीपेक्षा समुद्रात आहे. हिवाळ्यात सायबेरियावरून कोरडा, गार वारा जपानच्या दिशेने सुटतो. वाटेतल्या समुद्रातून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह वाहतो. वारा त्याच्यावरून जाताना वाफ उचलतो आणि होन्शू बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगरांना धडकतो. वर चढताना ती वाफ गोठते आणि अलीकडच्या उतारावर ओतली जाते. पलीकडे टोकियोला त्याच दिवशी लख्ख ऊन असते.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना असाच रिकामा होतो. महाबळेश्वर भिजते आणि माण-खटाव कोरडे राहते. यंत्रणा तीच. आपल्याकडे ती जूनमध्ये चालते आणि पाऊस पाडते, तिकडे डिसेंबरमध्ये चालते आणि बर्फ पाडते. जपानी लोक त्या ओल्या बाजूला 'युकीगुनी' म्हणतात, बर्फाचा मुलूख. एचिगो प्रांतातल्या सुझुकी बोकुशी या व्यापाऱ्याने १८३७ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मुलुखाचे वर्णन केले आहे. तिथल्या माणसांना बर्फ ही शोभा नसून कष्ट आहेत, हे त्याने शहरातल्या वाचकांना बजावून सांगितले.

उष्णतेचे कारण जमिनीखाली आहे. प्रशांत महासागराचा तळ जपानखाली सरकत जातो, खोलवर खडक वितळतो, आणि देशभर शंभरावर जिवंत ज्वालामुखी उभे राहतात. बर्फाचे पाणी मुरते, तापलेल्या खडकापर्यंत जाते आणि क्षार घेऊन वर येते. जपानमध्ये असे सुमारे २७ हजार झरे नोंदलेले आहेत. १९४८ सालच्या कायद्याप्रमाणे पाणी उगमाशी २५ अंशांहून गरम असले, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा असला, की ते ओन्सेन ठरते. आपल्या कोकणातले पाणी मात्र ज्वालामुखीचे नाही. इथला लाव्हा सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. आपले पाणी भेगांमधून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या साध्या उबेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणून ते बिचारे नाजूक. एक भेग काँक्रीटने बुजवली तर ते दुसरीकडे निघून जाते.

तेव्हा जपानच्या या पट्ट्यात जो डोंगर बर्फ अडवतो, त्याच्याच आसपास पुष्कळदा गरम पाणीही फुटते. बर्फ आणि ऊन यांची गाठ निसर्गानेच घातलेली आहे. पण माणसाने तिचा उपयोग दोन वेगवेगळ्या काळांत केला. स्नान फार जुने, स्की शंभर वर्षांची.

आधी पाणी

नोझावाचा झरा आठव्या शतकात ग्योकी या बौद्ध भिक्षूने शोधला अशी एक कथा आहे. दुसऱ्या कथेत एका जखमी अस्वलाच्या मागावर गेलेल्या शिकाऱ्याला तो सापडला. गावातल्या एका नाहणीघराचे नावच 'अस्वलाने हात धुतले ते पाणी' असे आहे. जपानभर झऱ्यांच्या कथा अशाच असतात. कुठे भिक्षू, कुठे जखमी पाखरू. आपल्याकडे राम-सीता किंवा एखादे ऋषी असतात.

खरा इतिहास शेतकऱ्यांचा आहे. कापणी संपली, भात घरात आले, की डोंगरातले आणि सपाटीचे शेतकरी तांदूळ, मिसो आणि अंथरूण पाठीवर घेऊन स्नानगावी यायचे. आठवडाभर, कधी दोन-तीन आठवडे राहायचे, स्वतः रांधून खायचे आणि दिवसातून अनेकदा पाण्यात बसायचे. याला 'तोजी' म्हणतात, पाण्याने केलेला उपचार. वर्षभर वाकून मोडलेली पाठ सरळ करण्याची ती सुट्टी होती.

गावात तेरा सार्वजनिक नाहणीघरे आहेत. त्यांना 'सोतो-यु' म्हणतात, म्हणजे घराबाहेरचे गरम पाणी. त्यांतल्या सर्वांत मोठ्या 'ओयु'मध्ये याकुशी या बुद्धाची स्थापना आहे, आणि उरलेल्या बारांत त्याचे बारा रक्षक एकेक वाटून दिलेले आहेत. हा याकुशी म्हणजे संस्कृतातला भैषज्यगुरू, औषधींचा बुद्ध. आपल्याकडून निघालेला एक देव चीन-कोरियामार्गे जाऊन बर्फातल्या नाहणीघराच्या दारात बसलेला पाहिला, तेव्हा मी नकळत चप्पल काढायला वाकले. चप्पल तशीही काढायचीच होती.

गावाच्या वरच्या अंगाला 'ओगामा' नावाची पाच उकळती कुंडे आहेत. पाणी जवळजवळ ९० अंश. नावातला 'ओ' म्हणजे भांगेच्या जातीचा ताग. पूर्वी त्याचे देठ या पाण्यात भिजवून साल सोलत. आता तिथे गावातल्या बाया अंडी आणि भाज्या उकडतात. परक्यांना कठड्याच्या आत जायला मनाई आहे, आणि ती धोक्यापुरती नाही. ते कुंड गावाचे स्वयंपाकघर आहे. नोव्हेंबरात 'नोझावाना' नावाची हिरवी पालेभाजी लोणच्यासाठी धुवायची असते. बाहेरचे पाणी बोटे गोठवणारे, म्हणून ती नाहणीघरांतल्या गरम पाण्यात धुतात. एकच पाणी अंग धुते, भाजी धुते, अंडे उकडते आणि देवाला वाफ देते.

मग बर्फ

१९०२ सालच्या जानेवारीत आओमोरीच्या पायदळाची एक तुकडी हाक्कोदा डोंगरात हिवाळी सरावाला गेली. २१० जण होते. वादळात सापडून १९९ जण मेले. रशियाशी युद्ध होणार हे दिसत होते, आणि बर्फात सैन्य चालवायचे कसे हे जपानला ठाऊक नव्हते, हे त्या प्रसंगाने उघड केले. पुढे युद्ध जपानने जिंकले. जिंकलेल्या सैन्याचा अभ्यास करायला ऑस्ट्रियाचा मेजर थिओडोर फॉन लेर्ख आला. त्याला स्की येत होती. १२ जानेवारी १९११ रोजी ताकादा इथल्या छावणीत त्याने सैनिकांना शिकवायला सुरुवात केली. हातात दोन नव्हे, एकच लांब काठी घेऊन तो उतरे. सैनिकांकडून ही विद्या शिक्षक, पोस्टमन आणि विद्यार्थी यांच्याकडे गेली. ताकादा नोझावापासून फार दूर नाही.

१९२३ साली नोझावाच्या गावकऱ्यांनी आपला स्की क्लब काढला. माझ्या दृष्टीने या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट हीच. उतार साफ करणे, झाडे तोडणे, स्पर्धा भरवणे ही कामे गावकऱ्यांनी आपल्या हाताने केली. १९३० साली ऑस्ट्रियाचा नामवंत स्कीपटू हानेस श्नायडर जपानला आला, तेव्हा तो नोझावालाही येऊन गेला. त्याचे सांक्ट अँटोन हे गाव आज नोझावाचे भगिनीगाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जपानमधल्या पहिल्या स्की लिफ्ट अमेरिकी सैन्याने आपल्या जवानांसाठी सापोरो आणि शिगा कोगेन इथे उभारल्या. नोझावाची पहिली लिफ्ट १९५०ची. १९६३ साली क्लबने उतारांचा कारभार ग्रामपालिकेकडे दिला. हिवाळी ऑलिंपिक १९९८ साली नागानोला भरले, तेव्हा बायथलॉनच्या, म्हणजे स्की आणि नेमबाजीच्या, स्पर्धा नोझावाला झाल्या. ताकानोरी कोनो याच गावचा. १९९२ आणि १९९४ अशा दोन ऑलिंपिकांत तो सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी होता.

स्कीने गावाला काय दिले? हिवाळ्यात काम दिले. बर्फाच्या मुलुखातले पुरुष पूर्वी शेत झाकले गेले की टोकियो-ओसाकाकडे मजुरीला जात. याला 'देकासेगी' म्हणतात. आपल्या कोकणातला चाकरमानी वर्षभराचा, तिकडचा चार महिन्यांचा. स्की आल्यावर ते घरी राहू लागले. कुणी लिफ्ट चालवी, कुणी शिकवी, आणि घरोघरी चार खोल्या पाहुण्यांना देऊन खाणावळवजा निवास सुरू झाले. पाहुण्याला काय द्यायचे हा प्रश्न नव्हता. दिवसभर घसरून आणि पडून मांड्या भरून आल्या, की उतरायला गरम पाणी दारात होतेच. तोजीच्या शेतकऱ्याची दुखरी पाठ जाऊन तिथे शहरी माणसाचे दुखरे गुडघे आले.

नाहणीघरात

पहिल्या संध्याकाळी मी आणि भाची ओयुमध्ये गेलो. लाकडी इमारत, वर वाफ जायला उघडे छप्पर, बायकांची बाजू वेगळी. अंगावर चिरगूट ठेवायचे नाही. पन्नाशी उलटलेल्या मराठी बाईला हे किती जड जाते ते बायांना सांगायला नको. दहा मिनिटे मी कपड्यांच्या फडताळाशीच उभी होते. आत पाच-सहा म्हाताऱ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या न पाहण्यानेच माझा संकोच गेला.

पाणी भयंकर तापलेले. मी पाय घातला आणि ओरडलेच. शेजारी गार पाण्याचा नळ दिसला, तो सोडला. एक आजी काहीतरी बोलल्या. भाची हळूच म्हणाली, "मावशी, आधी सगळ्यांना विचारायचं असतं. पाणी सगळ्यांचं आहे." मी नळ बंद केला, हात जोडले. आजी हसल्या आणि त्यांनी स्वतःच तो परत उघडला, फक्त माझ्या कोपऱ्यापुरता.

त्याच आजींकडून, भाचीच्या तोंडून, मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हे कोण साफ करते? "आम्ही," त्या म्हणाल्या. प्रत्येक नाहणीघराला आसपासच्या घरांची एक मंडळी असते, तिला 'यु-नाकामा' म्हणतात. यु म्हणजे गरम पाणी, नाकामा म्हणजे सोबती. घरांना पाळी लावून दिलेली असते. पाळी आली की हौद रिकामा करून घासायचा. वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च मंडळी वाटून घेते. परक्याला आंघोळ फुकट. दारात देवासमोर पेटी आहे, तिच्यात वाटेल ते टाकावे. आजींच्या घराची पाळी पुढच्या आठवड्यात होती. सून टोकियोत, मुलगा लिफ्टवर, म्हणून त्या स्वतःच जाणार होत्या. वय विचारले तर ८१.

या मंडळ्यांच्या वर 'नोझावा-गुमी' नावाची जुनी ग्रामसंस्था आहे, एदो काळापासूनची. तिच्या प्रमुखाला सोदाई म्हणतात. झरे आणि डोंगरावरचे जंगल यांची देखभाल तिच्याकडे. आधुनिक ग्रामपालिका वेगळी, ही वेगळी. जपानमध्ये गावांच्या अशा सामायिक हक्काला 'इरिआइ' म्हणतात. मेइजी सरकारने एकोणिसाव्या शतकात गावांची पुष्कळ जंगले सरकारजमा केली. तरीही १८९८ सालापासून लागू झालेल्या दिवाणी कायद्यात या रूढ हक्काला जागा राहिली. आपल्याकडच्या गायरान आणि देवराईच्या हक्कांचे पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे.

दर १५ जानेवारीला गावात दोसोजिन देवाचा अग्निउत्सव होतो. तोही नोझावा-गुमीच भरवते. डोंगरातून बीचची झाडे तोडून ओढत आणतात आणि दोन-तीन मजली उंच लाकडी मंडप उभा करतात. ४२ वर्षांचे पुरुष वर बसतात, २५ वर्षांचे खाली उभे राहून तो वाचवतात, आणि बाकीचे गाव पेटत्या चुडी घेऊन तो जाळायला धावते. ही दोन्ही वये अशुभ मानलेली. संकट अंगावर घेऊन ते टाळायचे. शेवटी समेट होतो आणि मंडप जळतो. आपल्या शिमग्यातली बोंब आणि होळी यांची आठवण यावी असा हा प्रकार. मला त्यात जास्त महत्त्वाचे वाटले ते हे, की बेचाळिशीची आणि तिच्या मागची दोन वर्षे मिळून गावातले पुरुष तीन वर्षे एका गटात काम करतात. झाड तोडण्यापासून हिशेबापर्यंत. ज्यांनी एकत्र मंडप बांधला ते पुढे हौदही एकत्र घासतात.

दुसरी वाट

नोझावापासून काही डोंगर पलीकडे एचिगो-युझावा आहे. मराठी वाचकांना ते नावाने नाही तरी कादंबरीने माहीत असेल. यासुनारी कावाबाता १९३४ पासून तिथल्या एका ओन्सेन निवासात येऊन राहत असे, आणि 'बर्फाचा मुलूख' हे ज्या कादंबरीचे नाव आहे ती तिथेच घडते. १९३१ साली शिमिझू बोगदा झाला आणि टोकियोहून आगगाडीने थेट बर्फात उतरता येऊ लागले. त्यातून हे गाव वर आले. १९८२ साली वेगवान शिन्कान्सेन आली. १९९० साली रेल्वे कंपनीने असे स्थानक उभारले की गाडीतून उतरून त्याच इमारतीतून गोंडोलात बसावे.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, दोन्ही १९८७च्या. सरकारने विश्रामस्थळांच्या उभारणीला सवलती देणारा कायदा केला, आणि स्कीवर बेतलेला एक प्रेमपट तुफान चालला. जमिनीचे भाव आकाशाला भिडलेले, तरुणांच्या हाती पैसा. नव्वदीच्या सुरुवातीला जपानमध्ये स्की करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर गेली. युझावात डोंगराच्या पायथ्याशी उंच इमारती उठल्या, हजारो सदनिका. तळमजल्याला ओन्सेनचा हौद, फक्त इमारतीतल्या मालकांसाठी. गरम पाणी नळाने आले, देखभाल शुल्कात बसले. घासायला पगारी माणसे.

मग फुगा फुटला. तरुण कमी झाले, पगार थिजले. २०२०च्या सुमारास स्की करणाऱ्यांची संख्या पूर्वीच्या चौथाईच्या आसपास आली होती. कोटी-कोटी येनांना घेतलेल्या काही सदनिका लाख येनांना, म्हणजे आपल्या साठ-सत्तर हजार रुपयांना, विकायला निघाल्या. शुल्क मात्र दरमहा द्यायचेच, म्हणून फुकट घ्यायलाही लोक कचरत. देशभर कितीतरी उतार बंद पडले. गंजलेल्या लिफ्ट जंगलात तशाच उभ्या आहेत.

फटका नोझावालाही बसला. येणारे पार घटले, आणि २००५ साली स्कीचा कारभार वेगळ्या कंपनीकडे द्यावा लागला. पण नाहणीघरे त्या तेरांच्या तेरा राहिली. कारण ती पर्यटकांच्या जिवावर चालत नव्हती. पाहुणा आला काय, न आला काय, आजींना रोज संध्याकाळी आंघोळ करायचीच होती. युझावाला जुनी सार्वजनिक नाहणीघरे नाहीत असे मी म्हणत नाही. आहेत, आणि चांगली आहेत. पण सदनिकांच्या तळमजल्यातला हौद ज्यांचा होता, ते तिथे राहत नव्हते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

डोंगर ऐकत नाही

हे सगळे सुरळीत आहे असे चित्र उभे करणे खोटेपणाचे होईल. कुसात्सु हे जपानचे नामांकित ओन्सेन. त्याचे पाणी इतके आम्ल की लोखंडी खिळा त्यात झिजून जातो. जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स याने एकोणिसाव्या शतकात या पाण्याची ख्याती परदेशी पोचवली. तिथल्या स्कीच्या डोंगरावर २३ जानेवारी २०१८ रोजी मोतोशिराने ज्वालामुखीचा अचानक स्फोट झाला. स्कीचा सराव करणारा संरक्षण दलाचा एक जवान दगडांच्या माऱ्यात ठार झाला, अनेक जखमी झाले. ज्या आगीने पाणी तापते तीच ही आग.

यामागाता प्रांतातल्या झाओला उतारावरच्या फर झाडांवर बर्फ आणि गारठलेले धुके थापले जाऊन राक्षसांसारखे आकार बनतात. ते पाहायला लोक लांबून येतात. २०१३ पासून तिथल्या झाडांना आधी पतंगांच्या अळ्यांनी आणि मग साल पोखरणाऱ्या किड्यांनी ग्रासले. झाडे मेली तर राक्षस उभे कशावर राहणार? त्यातच बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. मी परतल्यानंतरचा, २०१९-२० सालचा हिवाळा तोवरच्या नोंदींत जपानचा सर्वांत उबदार ठरला.

आणखी एक वाद आहे. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचा साठा जपानपाशी जगात तिसऱ्या क्रमांकाचा, पण त्यापासून वीज नगण्य होते. अनेक साठे राष्ट्रीय उद्यानांत आहेत, आणि स्नानगावे विरोध करतात. खोल विंधन झाले तर झरा आटेल ही त्यांची भीती. कोळसा जाळणे थांबवायचे तर ही वीज हवी, हे म्हणणेही खोटे नाही. माझ्या आजोळच्या कुंडाचे जे झाले ते पाहिलेल्या मला त्या गावांची भीती कळते. पण निकाल देण्याचा अधिकार माझा नाही.

नोझावाची स्वतःची चिंता याहून घरगुती आहे. गावची वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, आणि त्यात म्हातारी माणसे अधिक. ऑस्ट्रेलियाहून आणि इतर देशांतून येणाऱ्यांनी अलीकडे घरे घेतली आहेत. पडकी घरे दुरुस्त झाली, दिवे लागले, हे बरेच झाले. पण घर विकत घेता येते, पाळी विकत घेता येत नाही. हिवाळ्यात तीन महिने येणारा मालक नोव्हेंबरात हौद घासायला कुठून येणार? आजींना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, काही जण येतात, शिकतात. काही नुसते पैसे देतात. मग थोडे थांबून म्हणाल्या, पैशाने ब्रश घेता येतो.

परत आल्यावर त्या मे महिन्यात मी आजोळी गेले. वहीत वाडीतल्या घरांची यादी केली : बावीस घरे, त्यांतली नऊ कुलूपबंद, मालक मुंबई-ठाण्याला. उरलेल्या तेरांत पाच ठिकाणी फक्त म्हातारे जोडपे. तेरा हा आकडा पाहून मला नोझावाची नाहणीघरे आठवली, पण आकड्यांच्या योगायोगाने गाळ निघत नाही. मी सगळ्यांना नोझावाचे सांगितले. एकाने विचारले, "तिकडे काय, सरकार पैसे देत असेल." मी म्हटले, "नाही हो भाऊ, पाळी असते." तो म्हणाला, "पाळी आपल्याकडंही होती की."

हे त्याने सांगितले म्हणून बरे झाले. नाहीतर मी जपानकडून काही आणल्याच्या थाटात बोलत होते. घरटी एक माणूस, दिवाळीच्या आदला रविवार, ही आमचीच व्यवस्था. ती काँक्रीट ओतले त्याच सुमाराला मोडली, कारण कुंड 'योजनेचे' झाले आणि लोकांनी हात काढून घेतले. फुटलेला तळ मला दुरुस्त करता येत नाही, आणि झरा परत जुन्या वाटेला येईल असे कोणी जाणकार सांगत नाही. मात्र कुंडाच्या वरच्या अंगाला, नदीच्या कडेने, पूर्वी नव्हती अशी एक गरम धार फुटली आहे. मी मोजली, ५१ अंश. गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारी सहा घरांतली माणसे आली. त्यांनी धारेभोवतीची झुडपे काढली, सुटे दगड रचून कमरेएवढे डबके केले. सिमेंट कुणी आणले नाही. मुंबईहून आलेल्या दोन कुलूपबंद घरांतल्या मुलांनीही दगड उचलले.

नरक चतुर्दशीला पहाटे आम्ही अकरा जण होतो. पाणी फार गरम लागत होते, तेव्हा नदीचे चार हंडे त्यात ओतायचे ठरले. ओतण्याआधी मी सगळ्यांना विचारले.